पांढरे घर आणि चौकटीबाहेरची दरी

१/
चार वर्षांपूर्वी याच लेखमालेत मी एक छायाचित्र प्रसिद्ध केले होते. तांबूस वालुकाश्माचा उभा कडा, त्याच्या पोटातील कपारीत चिमुकली घरे आणि त्यांतील एका घराची भिंत पांढरी. खाली एकच ओळ लिहिली होती : ‘नवाहोंच्या पूर्वजांनी बांधलेली, गूढरीत्या नाहीशा झालेल्या लोकांची, निर्मनुष्य दरीतील घरे.’ माझ्या कोणत्याही लेखापेक्षा ते छायाचित्र अधिक लोकांपर्यंत पोहोचले. त्या एका ओळीत तीन चुका होत्या. चौथी चूक छायाचित्रातच होती आणि ती मी जाणूनबुजून केली होती.

२/
तेव्हा एका वाचकाने, बहुधा शाळकरी मुलाने, विचारले होते : ‘खाली वाळूत चाकांच्या खुणा दिसतात. दरी निर्मनुष्य असेल तर गाडी कोणाची?’ मी घाईने उत्तर दिले, ‘पर्यटकांची असावी.’ उत्तर लिहितानाच ठाऊक होते की मी ते पडताळलेले नाही. इतिहासाविषयी लिहिणाऱ्याने ‘असावी’ हा शब्द किती स्वस्तात वापरावा, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून राहिला. आजचा हा प्रदीर्घ लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

३/
प्रथम ठिकाण समजून घेऊ. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात चिनली नावाचे गाव आहे. गावाच्या पूर्वेस जमीन अकस्मात दुभंगते आणि शेकडो फूट खोल दऱ्यांचे जाळे सुरू होते. नकाशावर तिचे नाव ‘कॅन्यन द शे’. नवाहो भाषेत मूळ नाव ‘त्सेयी’, म्हणजे ‘खडकाच्या आत’. स्पॅनिश कानांनी त्याचे ‘चेली’ केले. इंग्रजीत लेखन तेच राहिले आणि उच्चार मात्र ‘शे’ झाला. ‘नवाहो’ हेही बाहेरच्यांनी दिलेले नाव. ते स्वतःला ‘दिने’, म्हणजे ‘माणसे’, म्हणवतात.

४/
१९३१ साली ही दरी राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. परंतु अमेरिकेतील बहुतेक राष्ट्रीय उद्यानांहून तिची गोष्ट वेगळी आहे. येथील जमीन संघराज्य सरकारच्या नव्हे, तर नवाहो लोकांच्या मालकीची आहे. राष्ट्रीय उद्यान सेवा देखरेख करते; दरीच्या तळाशी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची शेते, मेंढ्यांचे वाडे आणि होगन, म्हणजे नवाहोंची पारंपरिक लाकूड-मातीची घरे, आजही आहेत. बाहेरच्या माणसाने नवाहो वाटाड्याशिवाय दरीत उतरायचे नाही असा नियम आहे. कड्यावरून एकट्याने उतरता येईल अशी एकच पायवाट होती आणि मी दोन्ही वेळा गेलो तेव्हा ती बंद होती.

५/
नोकरीनिमित्त मी फीनिक्सला असतो. पहिल्या खेपेस पाच-सहा तास गाडी हाकून दक्षिण कड्यावरच्या निरीक्षणस्थळी पोहोचलो, तिपाई उभी केली आणि लांब पल्ल्याची लेन्स लावली. सहाशे फूट खाली, पलीकडच्या कड्याच्या पायथ्याशी, पांढरे घर होते. डाव्या बाजूस शेताचा एक तुकडा, एक छप्पर आणि कुंपण दिसत होते. मला ते खुपले. मी लेन्स जराशी उजवीकडे वळवली, आणि एका हाताच्या हालचालीने दरी निर्मनुष्य झाली. चाकांच्या खुणा तेवढ्या राहून गेल्या.

६/
मला ती चौकट हवी होती, कारण ती माझ्या डोळ्यांत आधीपासूनच होती. १८७३ साली टिमथी ओसुलिव्हन या छायाचित्रकाराने हेच घर टिपले. अमेरिकी यादवी युद्धात गेटिसबर्गच्या रणभूमीवरील मृतांची छायाचित्रे घेणारा हाच तो माणूस. लेफ्टनंट जॉर्ज व्हीलर यांच्या लष्करी सर्वेक्षणाबरोबर तो या प्रदेशात आला होता. तेव्हाचे छायाचित्रण म्हणजे कष्टाचे काम. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ती बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. वाळवंटाच्या कोरड्या हवेत हे सारे किती चपळाईने करावे लागत असेल, याची कल्पना करावी.

७/
ती ओली काच निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी असे. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत आकाश कोरे पांढरे आणि तांबडे खडक काळपट उमटत. ओसुलिव्हनच्या चित्रात कड्यावरचे काळे ओघळ शाईच्या रेघांसारखे उतरले आहेत. लोह आणि मँगनीज यांच्या संयुगांचे हे थर खडकावर फार सावकाश साचतात. चित्रात वरच्या कपारीत दोर लावून चढलेली सर्वेक्षणातील माणसेही दिसतात. चित्राच्या शीर्षकात ‘प्राचीन अवशेष’ हे शब्द आहेत आणि कपारीची उंची दिली आहे : दरीच्या तळापासून ५० फूट.

८/
या चित्राची एक मूळ प्रत ज्यात होती, असा अल्बम पुढे विख्यात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या संग्रही आला. १९४० च्या दशकाच्या आरंभी ते त्सेयीत आले आणि जवळपास त्याच जागी, तशाच प्रकाशात त्यांनी पांढरे घर पुन्हा टिपले. पुढे असंख्य छायाचित्रकारांनी तेच केले. मीही त्या रांगेतला शेवटून कुणीतरी. वारी करावी तशी ती चौकट आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गिरवीत आलो. पण चौकटीच्या डावीकडे काय आहे, हे पाहण्याची गरज बहुतेकांना वाटली नाही.

९/
आता चुकांकडे येऊ. पहिली : ‘नवाहोंच्या पूर्वजांनी बांधलेली.’ पुरातत्त्वज्ञांच्या मते ही घरे ज्यांना आज ‘पूर्वज प्वेब्लो’ म्हणतात त्या लोकांची. पांढऱ्या घराची वस्ती साधारणतः अकराव्या ते तेराव्या शतकातील. नवाहो या दरीत स्थिरावले ते त्यानंतर कित्येक पिढ्यांनी, सुमारे १७०० पासून. त्यांच्या भाषेचे नातलग दूर कॅनडा आणि अलास्कात सापडतात. अर्थात ही रेघ फार जाड ओढू नये. काही नवाहो कुळे त्या प्राचीन लोकांशीही आपले नाते सांगतात. पूर्वी रूढ असलेला ‘अनासाझी’ हा शब्दही नवाहो भाषेतला. त्याचा एक अर्थ ‘शत्रूंचे पूर्वज’ असा होतो. आपल्या पूर्वजांना असे म्हटलेले प्वेब्लो लोकांना रुचत नाही, म्हणून तो शब्द आता मागे पडला आहे.

१०/
दुसरी चूक : ‘गूढरीत्या नाहीशा झालेल्या.’ गूढ हा शब्द आळशी लेखकाचा लाडका. १९२९ साली ए. ई. डग्लस या शास्त्रज्ञाने लाकडातील वार्षिक वलयांची साखळी वर्तमानापासून प्राचीन वास्तूंपर्यंत अखंड जोडून दाखवली. त्यामुळे घराची तुळई कोणत्या वर्षी तोडली, हेसुद्धा सांगता येऊ लागले. त्याच वलयांत १२७६ ते १२९९ या काळातील भीषण अवर्षण अरुंद रेषांच्या रूपाने नोंदलेले आहे. दुष्काळ, त्यामागोमाग आलेली टंचाई आणि संघर्ष यांमुळे लोक या परिसरातून हलले आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे पाण्याच्या आश्रयाने वसले.

११/
ते नाहीसे झाले नाहीत, स्थलांतरित झाले. त्यांचे वंशज होपी, झुनी आणि रिओ ग्रांदे नदीकाठचे प्वेब्लो लोक आज जिवंत आहेत. त्यांची गावे, भाषा आणि सण जिवंत आहेत. होपींच्या दृष्टीने तर या वास्तू ओसाड नाहीतच. स्थलांतराच्या वाटेवर पूर्वजांनी मुद्दाम ठेवलेल्या त्या पाऊलखुणा आहेत. ज्याचे नातू शेजारच्या गावी राहतात, त्याला ‘गूढरीत्या नाहीसा’ म्हणणे हा अज्ञानाचा भाग झाला. माझ्या बाबतीत त्या अज्ञानाला लाखभर माणसांनी पसंतीही दिली होती.

१२/
तिसरी चूक ‘निर्मनुष्य’. ती दुरुस्त करण्यासाठी मी गेल्या ऑक्टोबरात पुन्हा चिनलीला गेलो आणि या वेळी दरीत उतरलो. वाटाड्या म्हणून आलेल्या बाई साठीच्या होत्या. जीप सुरू करण्यापूर्वी त्यांनी स्वतःची ओळख दिली : आधी आईचे कूळ, मग वडिलांचे. नवाहोंत कूळ आईकडून येते. मग त्यांनी मला तेच विचारले. मी वडिलांचे आडनाव सांगून थांबलो. ‘आणि आईचे?’ त्यांनी विचारले. आईचे माहेरचे नाव मी अमेरिकेत कुणाला सांगितल्याचे मला आठवत नव्हते.

१३/
नंतर त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून नियम सांगितले. कड्यांची छायाचित्रे खुशाल घ्या. माणसांची, त्यांच्या घरांची, जनावरांची घ्यायची तर आधी विचारायचे. व्यावसायिक कामासाठी नवाहो राष्ट्राचा परवाना लागतो. प्राचीन घरांत पाऊल टाकायचे नाही. तशी बंदी आहेच, शिवाय ती मृतांची जागा आहे आणि परंपरा मानणारे नवाहो तेथे जात नाहीत. एखादी जागा दाखवताना त्या बोट उगारत नव्हत्या. ओठ किंचित पुढे काढून दिशा सांगत. काही वेळाने मीही बोट दाखवणे सोडले.

१४/
नदीच्या उथळ, वाळूने भरलेल्या पात्रातून जीप चालली होती. दोन्ही काठांवर कॉटनवूडची झाडे पिवळी झाली होती. एका वळणावर मक्याचे कापून झालेले शेत दिसले, पुढे मेंढ्या, त्यापुढे एक होगन. बाई गाडी हळू करीत आणि एकेका शेताविषयी सांगत : हे माझ्या मावशीचे, हे तिच्या नातवाचे. मी ज्या दरीला निर्मनुष्य म्हटले होते, तिच्यात दर मैलावर कुणाचे ना कुणाचे नाव होते.

१५/
पुढचा इतिहास त्यांनी गाडी थांबवून सांगितला. त्यातला बराचसा मला पुस्तकांतूनही ठाऊक होता. जानेवारी १८०५ मध्ये स्पॅनिश लष्कराने येथील एका कपारीत आश्रय घेतलेल्या लोकांवर गोळीबार केला. स्पॅनिश अहवालात मृतांची संख्या ११५ असून त्यांतील बहुसंख्य लढवय्ये असल्याचा दावा आहे. नवाहो सांगतात, तेथे लपलेल्या होत्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. जवळच्या एका कड्यावर स्पॅनिश घोडेस्वारांची रांग रंगवलेली आहे. ती त्याच स्वारीची आठवण असे मानले जाते. या दरीचे पहिले ‘छायाचित्रण’ ते. काढणारे तिथेच राहणारे होते आणि चौकट त्यांनी ठरवली होती.

१६/
जानेवारी १८६४ मध्ये किट कार्सन याच्या मोहिमेतील अमेरिकी सैन्य दरीत घुसले. होगन आणि धान्य जाळले गेले, मेंढ्या पकडल्या किंवा मारल्या. त्याच उन्हाळ्यात सैनिकांनी पुन्हा येऊन पीचची हजारो झाडे तोडली. उपासमारीने शरण आलेल्या नवाहोंना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतील बोस्के रेदोंदो येथील छावणीत नेण्यात आले. एकूण आठ हजारांहून अधिक माणसे तेथे डांबली गेली. खारे पाणी, नापिकी आणि रोगराई यांनी पुष्कळ दगावली. नवाहो या ठिकाणाचा उल्लेख ‘ह्वेल्दी’ असा करतात आणि तोही आवाज खाली घेऊन.

१७/
१ जून १८६८ रोजी तह झाला. वाटाघाटींत नवाहोंच्या बाजूचे प्रमुख प्रवक्ते होते बार्बोन्सितो. आपल्याला पूर्वेकडे वा इतरत्र नव्हे, आपल्याच देशी परत जायचे आहे, हा त्यांचा आग्रह होता आणि तो मान्य झाला. तहाच्या दुसऱ्या कलमात ही दरी नावानिशी आहे : ती संपूर्णपणे नवाहोंच्या राखीव प्रदेशात समाविष्ट राहील. हद्दपार केलेल्या लोकांनी आपल्या मूळ भूमीचा असा भाग परत मिळवल्याची उदाहरणे अमेरिकेच्या इतिहासात थोडी आहेत.

१८/
आता वर्षांची गणती करा. तह १८६८ चा, ओसुलिव्हनचे छायाचित्र १८७३ चे. मधे अवघी पाच वर्षे. त्याने तिपाई रोवली तेव्हा परतलेली कुटुंबे जळलेल्या होगनांच्या जागी नवी उभारत असणार, तोडलेल्या बागांच्या जागी नवी रोपे लावत असणार. जगभर फिरलेल्या त्या चित्रात यातले काहीच नाही. आहेत फक्त ‘प्राचीन अवशेष’. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की, त्याच मोहिमेत त्याने फोर्ट डिफायन्सजवळ मागावर बसलेल्या नवाहो विणकर स्त्रीचे छायाचित्रही घेतले. जिवंत माणसे त्याला दिसत होती. आपण मात्र लक्षात ठेवले ते रिकामे घर.

१९/
१९०४ साली एडवर्ड कर्टिस येथे आला. प्रचंड कड्यांच्या पायथ्याशी सात घोडेस्वार आणि एक कुत्रा हे त्याचे चित्र तुम्ही पाहिले असेल. त्याच वर्षी टिपलेले आणखी एक चित्र त्याने आपल्या वीस खंडांच्या महाग्रंथाबरोबरच्या चित्रसंचाच्या अग्रस्थानी ठेवले. अंधारात विरत जाणारे नवाहो स्वार आणि शीर्षक ‘अस्तंगत होणारा वंश’. आज नवाहो राष्ट्राची नोंदणीकृत सदस्यसंख्या चार लाखांच्या आसपास आहे आणि त्यांचा प्रदेश आपल्या कोकण विभागाच्या दुपटीहून मोठा आहे. ‘नाहीसे झालेले’ हा शब्द माझा नव्हताच. तो मी उसना घेतला होता आणि चौकटही त्याच दुकानातली होती.

२०/
दुपारी आम्ही पांढऱ्या घरासमोर पोहोचलो. कुंपणापाशी उभा राहून वर पाहिले. खालच्या वस्तीच्या भिंती ढासळलेल्या आणि वर कपारीत ती पांढरी गिलाव्याची भिंत. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी तळहाताने थापलेली. ज्या चौकटीसाठी मी दोनदा इतका प्रवास केला, ती समोर होती. मी एक छायाचित्र घेतले आणि मग कॅमेरा खाली केला. ते वाईट आले म्हणून नव्हे. ते आधीच कितीतरी जणांनी माझ्यापेक्षा चांगले काढून ठेवले आहे.

२१/
परतताना बाईंनी आपल्या आजीच्या शेतापाशी जीप थांबवली. बांधाला पीचची चार झाडे होती, पाने पिवळी पडत आलेली. १८६४ च्या तोडीनंतर परतलेल्यांनी पुन्हा ज्या बागा लावल्या, त्यांच्या बियांपासून ही झाडे आली, असे आजी सांगत असे. मी विचारले, ‘यांचे छायाचित्र घेऊ का?’ त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, ‘झाडांचे घ्या. घराचे नको. आणि लोकांना सांगा की ती आम्ही लावली आहेत.’

२२/
जीप वळवताना मी चार वर्षांपूर्वीचे ते चित्र फोनवर काढून त्यांना दाखवले आणि वाळूतल्या चाकांच्या खुणांविषयी विचारले. त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिले. ‘ही वाट आमच्या बाजूला जाते,’ त्या म्हणाल्या, ‘माझ्या भावाची गाडी असेल. नाहीतर माझीच.’ मग त्यांनी विचारले, ‘आमचे शेत कुठे गेले या चित्रातून?’ लेन्स कशी वळवली, हे मी त्यांना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. मान हलवून त्यांनी गाडी पात्रात घातली.

२३/
तेव्हा त्या जुन्या छायाचित्राखालची ओळ आज बदलतो आहे. ती आता अशी वाचावी : ‘त्सेयी, नवाहो भूमी. कपारीतील घरे पूर्वज प्वेब्लोंची. त्यांचे वंशज होपी, झुनी आणि अन्य प्वेब्लो लोक. दरीत नवाहो कुटुंबे राहतात. डावीकडे एक शेत आणि एक घर आहे. ते छायाचित्रकाराने मुद्दाम वगळले.’ ओळ लांब झाली आहे, ठाऊक आहे. जुने छायाचित्र मी काढून टाकलेले नाही. चूक कशी दिसते, हेही पाहायला मिळावे.

२४/
तुमच्यापैकी अनेकजण गड-किल्ल्यांची, लेण्यांची, दूरदेशींच्या वास्तूंची छायाचित्रे टिपता आणि त्याखाली दोन ओळी लिहिता. एवढेच सुचवतो : ‘निर्जन’, ‘गूढ’, ‘विस्मृतीत गेलेले’ हे शब्द लिहिण्यापूर्वी लेन्स एकदा डावीकडे वळवून पाहा. तिथे कुणी राहत असेल, तर त्याला विचारा.

आणि मित्रा, तू जो कोणी असशील : ती गाडी पर्यटकांची नव्हती. दरीत राहणारे कुणीतरी आपल्या घरी चालले होते. तू बरोबर विचारले होतेस. उत्तराला चार वर्षे लागली, क्षमा असावी.